जानेवारीत सोनेरी, मे महिन्यात बोडका: खडकावरचं शैवाल खरंच संपलं का?

देवगड तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका गावातल्या शिक्षकांचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे एकाच खडकाचे दोन फोटो आहेत. जानेवारीतल्या फोटोत ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकाच्या खालच्या भागावर सोनेरी-तपकिरी शैवालाचा दाट पट्टा आहे. मे महिन्यातल्या फोटोत तोच खडक जवळजवळ बोडका आहे. गावात कोणी म्हणतं नव्या रिसॉर्टच्या सांडपाण्यानं शैवाल मेलं, कोणी म्हणतं समुद्रच तापलाय. गावच्या 'लोक जैवविविधता नोंदवही'त (गावातल्या जीवांची नोंद ठेवायची वही) नेमकं काय लिहावं आणि पाण्याचा कुठला नमुना प्रयोगशाळेत पाठवावा, असं त्यांनी विचारलं आहे.

सर, उत्तर आधी देते, कारणं मागून. या दोन फोटोंवरून तुमचा किनारा बिघडला असं म्हणता येत नाही, आणि तो ठणठणीत आहे असंही म्हणता येत नाही. जानेवारी आणि मे यांची तुलना करून किनाऱ्याची तब्येत ठरवणं म्हणजे कातळाचा श्रावणातला आणि वैशाखातला सडा शेजारी ठेवून गवत नामशेष झालं असं म्हणणं. सांडपाण्याचा संशय खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण त्याआधीचा एक प्रश्न अजून सुटायचाय: त्या खडकावर, त्या उंचीला, त्या महिन्यात एरवी काय असतं? हे ठाऊक नसेल तर 'काहीच दिसलं नाही' या नोंदीचा अर्थ लावता येत नाही. मी कोकणातल्या खडकाळ किनाऱ्यांवर शैवालांचा आणि त्यांना खाणाऱ्या प्राण्यांचा अभ्यास करते, आणि आमच्या कामाचा बराचसा वेळ याच एका प्रश्नात जातो.

तुमच्या वर्णनावरून ते सोनेरी शैवाल सारगॅसम असावं. फांद्यांवर मिरीएवढे हवेचे फुगे असतील तर खात्रीच समजा. पाणी चढलं की याच फुग्यांवर ते उभं राहतं. आपल्याकडे पावसाळा सरला, पाणी निवळलं की ते वाढीला लागतं. हिवाळ्यात त्याचा बहर असतो, त्याच काळात त्याचं प्रजननही होतं. मग फांद्या जुन्या होतात, तुटतात, लाटांबरोबर वाळूवर येऊन पडतात. मे येईपर्यंत खडकावर उरतो तो बुंधा, बोटाच्या पेराएवढा किंवा त्याहूनही लहान, खडकाला घट्ट चिकटलेल्या चकतीसह. पुढच्या मोसमात त्यातल्या पुष्कळ बुंध्यांना तिथूनच नवे फुटवे येतात. म्हणजे लांबून बोडका दिसणारा खडक जवळून बोडका असेलच असं नाही. हा फरक फोटोत सहसा येत नाही. त्यासाठी उकिडवं बसून, ओल्या खडकावरून बोट फिरवून पाहावं लागतं. बुंधे हाताला लागले तर तो पट्टा जिवंत आहे. बुंधेही नसतील, त्या जागी गाळ बसलेला असेल किंवा बारीक केसाळ हिरवं शैवाल माजलेलं असेल, तर मी काळजी करायला लागेन.

खालचा पट्टा असा ओसरतो आणि मग पावसाळ्यात वरच्या भागात उलट घडतं. जून ते सप्टेंबरात ढग आणि पाऊस यांमुळे वरचे खडक दिवसभर ओले राहतात. एरवी उन्हानं भाजून निघणाऱ्या या जागेत तेव्हा उल्वासारखी हिरवी शैवालं वर चढतात आणि पॉरफायरा उगवतं. हे पाहिलं नसेल तर जरूर पाहा. जांभळट-तपकिरी, पातळ पापुद्रा, ओला असताना बोटांतून निसटणारा. उघडीप मिळाली की खडकाला चिकटून वाळतो आणि पावलाखाली कुरकुरतो. जपानी नोरी याच्याच गोतातल्या शैवालापासून बनते. ऑक्टोबरचं ऊन तापलं की पॉरफायरा दिसेनासं होतं. आता ज्यानं फक्त डिसेंबर ते मार्च किनारा पाहिला, त्याच्या यादीत ते येणारच नाही. तुमच्या नोंदवहीतही बहुधा नसेल, कारण पावसाळ्यात खडकावर जाऊन कोण बघतो? (तशा दिवसांत एकट्यानं जाऊही नये. मुलांना तर अजिबात नेऊ नका.)

दुसरी गोष्ट उंचीची. खडकाळ किनाऱ्यावर एक-दोन हात वर-खाली झालं की वस्ती बदलते. सर्वांत वर लहान लहान शिंपले-गोगलगायी आणि बार्नेकल (खडकाला कायमचे चिकटलेले, कवचाचे लहान जीव), मध्ये कालवं आणि लिंपेट नावाच्या टोपीसारख्या गोगलगायी, खाली शिनाणे (एक प्रकारची शिंपली) आणि मोठी शैवालं, असा ढोबळ क्रम आपल्याकडे दिसतो. लाटांच्या तोंडावरचा खडक, आडोशाचा खडक, खाडीच्या मुखाजवळचा खडक यांत तो बदलतो. जांभ्याच्या खळग्यांत पाणी साचून राहतं, तिथे शैवाल वरपर्यंत तग धरतं. गुळगुळीत काळ्या बेसॉल्टवर तेच हातभर खाली सरकतं. एखादा जीव वर कुठपर्यंत टिकतो हे बहुतेक वेळा ऊन आणि कोरडेपणा ठरवतात. खाली कुठपर्यंत उतरतो हे शेजारी आणि खाणारे ठरवतात. जोसेफ कॉनेल या परिसंस्था-अभ्यासकांनी स्कॉटलंडमधल्या कम्ब्रे बेटावर बार्नेकलच्या दोन जातींवर प्रयोग करून 1961 मध्ये हे दाखवलं आणि आजही आम्ही तिथूनच सुरुवात करतो.

याचा तुमच्या फोटोंशी थेट संबंध आहे. दोन्ही फोटो काढताना पाणी सारखंच उतरलेलं होतं का? उधाणाच्या (पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या) ओहोटीला जो पट्टा उघडा पडतो तो भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या) ओहोटीला पाण्याखालीच राहतो. मे महिन्यातला फोटो भांगाच्या दिवसांतला असेल तर त्यात दिसणारा बोडका भाग हा कदाचित मधला पट्टा असेल, जिथे सारगॅसम कधी नव्हतंच. फोटोंच्या तारखा मोबाइलमध्ये असतील, त्यावरून तिथी काढा. कोकणातला जुना हिशोब तुम्हाला ठाऊक असेलच: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. ओहोटी त्याच्या सहाएक तास अलीकडे-पलीकडे. अष्टमीला भरती सहाला, म्हणून ओहोटी दुपारी बाराला. अष्टमीच्या या ओहोटीला पाणी फार खाली जात नाही, पण मधला पट्टा भर दुपारच्या उन्हात सापडतो आणि एप्रिल-मे महिन्यात तिथलं शैवाल अक्षरशः करपतं. तेही नैसर्गिकच. हा हिशोब अंदाजापुरता. फोटोची शहानिशा करायला तेवढा पुरतो, प्रत्यक्ष खडकावर उतरताना भरती-ओहोटीचं छापील कोष्टक पाहा.

तिसरी शक्यता वाळूची. पावसाळ्यात लाटा पुळणीवरची वाळू ओढून नेतात आणि पाऊस सरल्यावर ती हळूहळू परत येते. कमी उंचीचे खडक यात गाडले जातात. वाळूखाली महिनाभर राहिलेलं बरचसं शैवाल टिकत नाही, आणि वाळू सरकल्यावर खाली स्वच्छ, फिकट खडक निघतो. नवीन धूपप्रतिबंधक बंधारा किंवा जेट्टी झाली असेल तर वाळूची चाल बदलते, आणि मग याचा दोष सांडपाण्यावर जाऊ शकतो. याबद्दल कालवं काढायला जाणाऱ्या बायकांना विचारा. मात्र 'पूर्वी शैवाल जास्त होतं का' असं मोघम विचारू नका, उत्तर 'हो' असंच येतं. 'हा खडक वाळूत कधी बुडतो, यंदा नेहमीपेक्षा जास्त बुडाला का, कालवं कुठल्या खडकावरची गेली' असं जागा दाखवून विचारा. मला कित्येक किनाऱ्यांबद्दल पहिली नेमकी माहिती अशीच मिळाली आहे.

आता त्या मुद्द्याकडे येते ज्याकडे लोकांचं सर्वांत कमी लक्ष जातं, आणि माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा आहे: शैवाल खाणारे. लिंपेट खडकाला चिकटलेली, चिनी टोपीसारखी दिसणारी लहानशी गोगलगाय. ओहोटीला ती हलत नाही, म्हणून ती काही करत असेल असं वाटत नाही. पाणी आलं किंवा खडक ओला असला की ती चरत फिरते. तिच्या जिभेवरच्या दातांत लोहाचं खनिज असतं. त्या दातांनी ती खडकावरचा पातळ थर आणि त्यातलं नुकतं रुजलेलं, डोळ्यांना न दिसणारं शैवाल खरवडून काढते. म्हणजे जो मधला पट्टा आपल्याला 'रिकामा' दिसतो तो पुष्कळदा चरून राखलेला असतो.

हे तपासायची पद्धत सोपी आहे. खडकाच्या लहान चौकोनाभोवती स्टेनलेस स्टीलच्या जाळीचं कुंपण करायचं, आतली लिंपेट बाहेर काढायची आणि वाट पाहायची. शेजारी एक चौकोन फक्त खुणा करून मोकळा ठेवायचा. तिसऱ्याला अर्धवट कुंपण घालायचं, ज्यातून लिंपेट ये-जा करू शकतील. हा तिसरा चौकोन लोक गाळतात. पण जाळीची सावली पडते, तिच्यामुळे लाट मंदावते, ओल टिकते. आतलं शैवाल लिंपेट नसल्यामुळे वाढलं की सावलीमुळे, हे अर्धवट कुंपणाशिवाय कळत नाही. पावसाळा संपल्यावर आम्ही अशी कुंपणं लावतो आणि काही आठवड्यांत बंद चौकोन हिरवे होतात, मोकळे आणि अर्धवट तसेच राहतात. सगळीकडे नाही. फार वर, जिथे कोरडेपणाच इतका असतो, तिथे लिंपेट काढूनही काही उगवत नाही. जांभ्यात स्क्रू नीट धरत नाही, बेसॉल्टवर धरतो. आणि जूनच्या लाटा काही शिल्लक ठेवत नाहीत, म्हणून हा प्रयोग ऑक्टोबर ते मे एवढाच.

खडक हिरवागार झाला म्हणजे किनारा सुधारला असं समजू नये, हे यातून निघतं. याचा सर्वांत मोठा आणि वाईट पुरावा इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचा आहे. मार्च 1967 मध्ये 'टॉरी कॅन्यन' हे तेलवाहू जहाज तिथल्या खडकांवर आदळलं. किनाऱ्यावर आलेलं तेल घालवण्यासाठी हजारो टन रसायनं फवारली गेली आणि तेलापेक्षा त्या रसायनांनीच जास्त घात केला. लिंपेट सरसकट मेली. त्यानंतर काही महिन्यांत खडक हिरव्या शैवालानं भरून गेले, मग त्यावर मोठं तपकिरी शैवाल आलं. बघणाऱ्याला वाटावं, काय समृद्धी आहे! प्रत्यक्षात चरणारेच मेले होते. पुढे नवी लिंपेट आली, अफाट वाढली, सगळं खाऊन उपाशी पडली, पुन्हा घटली. जिथे फवारणी जास्त झाली तिथे ही चढउतार शमायला दहा-पंधरा वर्षं लागली. हे सांगता आलं, कारण तिथल्या संशोधकांकडे त्या किनाऱ्यांच्या अपघातापूर्वीच्या नोंदी होत्या आणि नंतरही ते वर्षानुवर्षं मोजत राहिले.

तेव्हा तुमच्या खडकावर फक्त शैवाल मोजू नका. लिंपेट, कालवं, शिनाणे, बार्नेकल यांचीही नोंद घ्या. शैवाल गेलं आणि लिंपेट वाढली ही एक गोष्ट झाली. शैवाल गेलं आणि लिंपेटही गेली ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे, आणि तिच्यानं माझी झोप उडेल.

सांडपाण्याबद्दल काय पाहायचं ते सांगते. मैल्याच्या पाण्यात नत्र आणि स्फुरद असतं, म्हणजे शैवालाचं खत. त्यामुळे सांडपाण्याच्या तोंडाशी शैवाल नाहीसं होण्यापेक्षा वेगळ्या जातीचं माजण्याची शक्यता जास्त. उल्वा, कीटोमॉर्फा अशी झटपट वाढणारी हिरवी शैवालं बारा महिने दिसू लागतात आणि सारगॅसम, पॅडिना यांसारखी सावकाश वाढणारी मागे पडतात. जातींची संख्या घटते. असा परिणाम असेल तर तो पाण्याच्या तोंडाशी सर्वांत जास्त आणि दूर जाऊ तसा कमी दिसला पाहिजे. म्हणून मोजणी एकाच खडकावर करून भागत नाही. तोंडाजवळ एक जागा, दोन्ही बाजूंना थोड्या अंतरावर एकेक, आणि दूरच्या, सांडपाणी न पोचणाऱ्या पण तशाच खडकाच्या आणि तशाच लाटांच्या किमान दोन जागा घ्या. सगळ्या जागी सारगॅसम मे महिन्यात गेलं आणि डिसेंबरात परत आलं, तर रिसॉर्टचा संबंध नाही. दूर परत आलं आणि तोंडाजवळ आलं नाही, असं दोन-तीन वर्षं दिसलं, तर मात्र तुमच्या हातात भक्कम पुरावा आहे.

पाण्याच्या एका नमुन्यातून हे कळणार नाही. भरतीच्या पाण्यात सगळं पातळ होतं. तुम्ही घेतलेली बाटली फक्त त्या तासाचं सांगते. चाचणी करायचीच तर ओहोटीच्या वेळी, तोंडाशी आणि दूर, एकाच दिवशी नमुने घ्या आणि वेगवेगळ्या महिन्यांत ते पुन्हा करा. अमोनिया, नायट्रेट, फॉस्फेट आणि मैल्यातले जिवाणू एवढं तपासायला सांगा. आधी फोन करून नमुना किती तासांत पोचायला हवा ते विचारून घ्या. बर्फात ठेवून न नेलेला नमुना वाया जातो.

समुद्र तापण्याबद्दल: अरबी समुद्राचं तापमान वाढतंय हे खरं आहे. पण एका खडकावरच्या एका उन्हाळ्यातून ते वाचता येत नाही. ब्रिटनमध्ये 1950 च्या दशकात किनाऱ्या-किनाऱ्यावर बार्नेकल आणि लिंपेट मोजून ठेवली होती, म्हणून आज दक्षिणेकडच्या जाती उत्तरेला सरकल्या असं ठामपणे सांगता येतं. आपल्याकडे डॅनिश शैवालतज्ज्ञ बोर्गेसेन यांनी 1927-28 च्या हिवाळ्यात मुंबई आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरून शैवालं गोळा केली, पुढे दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं महाराष्ट्र आणि गोव्याचे किनारे पालथे घातले. हे काम फार मोलाचं आहे. पण जुन्या यादीतून जात होती हे कळतं. खडकाचा किती भाग तिनं व्यापला होता हे कळत नाही. तुमच्या गावच्या खडकापुरती ती उणीव तुमची शाळा भरून काढू शकते, आणि हे मी शाळेचं मन राखायला म्हणत नाही.

कसं मोजायचं? पीव्हीसी पाइपची 50 सेंटिमीटर बाजूची चौकट करा. दर 5 सेंटिमीटरला आडवी-उभी दोरी ताणा. 100 लहान चौकोन होतात, प्रत्येक चौकोन एक टक्का. वरचा, मधला, खालचा अशा तीन पट्ट्यांत प्रत्येकी किमान पाच वेळा चौकट ठेवा. कुठे ठेवायची ते आधी ठरवा: टेप पसरा, चिठ्ठ्या काढा, जो आकडा येईल त्या मीटरला चौकट. मुलांना (मोठ्यांनाही) छान दिसणाऱ्या जागी चौकट ठेवायचा मोह होतो, आणि मग दरवर्षी किनारा छानच दिसतो. जातीची नावं आली नाहीत तरी अडत नाही. 'तपकिरी, फुग्यांचं', 'हिरवं, कागदासारखं', 'लाल, केसाळ', 'गुलाबी, खडकाला लिंपल्यासारखं' असे गट ठरवा आणि तेच शेवटपर्यंत ठेवा. प्रत्येक चौकटीचा सरळ वरून फोटो घ्या, चिठ्ठीवर जागा-तारीख-पट्टा लिहून ती चौकटीत ठेवून. मोबाइलचं जीपीएस चार-पाच मीटरनं चुकतं, म्हणून जागेची खूण ओळखीच्या सुळक्यावरून आणि भेगेवरून घ्या. उलटलेले दगड होते तसे परत ठेवा, नाहीतर खालचे जीव मरतात. हेच काम मालवणच्या सागरी अभयारण्यात करायचं तर वन विभागाची परवानगी लागते. तुमच्याकडे ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला कळवून ठेवलं की बरं.

वर्षातून दोनदा जमलं तरी पुष्कळ: एकदा पौष-माघात बहरात, एकदा वैशाखात. दरवर्षी त्याच पंधरवड्यात. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची द्वितीया-तृतीया धरा. पाणी भरपूर उतरतं आणि ओहोटी सकाळी साडेसात-सव्वाआठच्या सुमारास येते, उजेडही असतो. त्याआधी तासभर उतरायला लागा, पाण्यामागून खाली जा, आणि पाणी फिरलं की चौकट अर्धी राहिली तरी वर या. समुद्राकडे पाठ करून कोणी बसायचं नाही, हा नियम पहिल्या दिवशीच सांगा. मध्ये एखादं वादळ होऊन गेलं, जसं मे 2021 मधलं तौक्ते, तर ते तारखेसह नोंदवा, म्हणजे पुढचा वाचणारा गोंधळणार नाही.

तोवर नोंदवहीत एवढंच लिहा: 'जानेवारीत खालच्या पट्ट्यात सोनेरी-तपकिरी शैवाल दाट. मे महिन्यात तुरळक किंवा नाही. बुंधे, वाळू, लिंपेट तपासलेली नाहीत. कारण निश्चित नाही.' सोबत दोन्ही फोटोंच्या तारखा, तिथी आणि वेळ. 'प्रदूषणामुळे नष्ट' हे शब्द आत्ता नकोत, कारण डिसेंबरात शैवाल परत आलं तर त्या नोंदीवरचा आणि पुढच्या खऱ्या तक्रारीवरचाही विश्वास उडेल.

आणि रिसॉर्टचं पाणी प्रक्रिया न करता समुद्रात सुटत असेल, तर त्याविरुद्ध तक्रार करायला शैवालाच्या पुराव्याची वाट पाहू नका. तसं पाणी सोडणं हाच मुळात कायदेभंग आहे. पाइपचा फोटो, तारीख, वेळ आणि जागा घेऊन ग्रामपंचायतीला आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तुमच्या भागातल्या कार्यालयाला लेखी द्या, पोच घ्या. खडकावरची मोजणी त्याच्या समांतर चालू राहू दे. तिला वेळ लागणारच.